कोळसा टनात मोजता, मग आमची काळी माती ब्रासात का मोजत नाही?

मे महिना लागला की आपल्या खाणपट्ट्यात एक काम जोरात चालतं. पावसाळ्याआधी नव्या वावरात पोकलेन उतरवायचं, धुऱ्यावरची झाडं काढायची आणि वरची काळी माती खरवडून बाजूला करायची. मग खालचा पिवळा थर, मुरूम, वाळूचा दगड, आणि त्याखाली कोळसा. राजुरा, कोरपना, भद्रावती, वरोरा, तिकडं पलीकडं वणी, सगळीकडं हेच. रस्त्यानं जाताना आपण बघतो, धूळ उडते म्हणून तोंडावर रुमाल बांधतो आणि पुढं निघतो.

जमीन जाताना काय काय मोजलं जातं ते आपल्याला तोंडपाठ आहे. सातबारा मोजला जातो, विहीर मोजली जाते, संत्र्याची झाडं, सागाची झाडं, पाइपलाइन, बंडा, सगळं. नोकरीसाठी दोन एकराचा हिशेब लावला जातो, त्यासाठी भावाभावात कोर्टकज्जे होतात. पण ज्या मातीवर हे सगळं उभं होतं, ती किती खोल होती, किती ब्रास निघाली, कुठं ठेवली आणि परत कुठं टाकली, हे विचारताना मी आजवर एकाही जनसुनावणीत कुणाला ऐकलेलं नाही. मी स्वतःही विचारलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

मोठे बाबांचं वावर

आमच्या मोठे बाबांचं आठ एकर वावर वीसेक वर्षांपूर्वी खाणीत गेलं. कोणती खाण ते इथं लिहीत नाही, त्याची गरजही नाही. नाल्याकाठचं वावर होतं, विहीर खोदली तेव्हा तीन फुटांपर्यंत काळीभोर माती लागली होती. पऱ्हाटी छातीपर्यंत यायची. चुलतभाऊ त्या खाणीत नोकरीला लागला, आता डंपर चालवतो. त्या अर्थानं घर बुडालं नाही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या बातमीसाठी त्या बाजूला गेलो होतो. खाणीच्या कडेला एक टेकाड आहे, त्यावर वेडी बाभूळ माजली आहे. समोर लोखंडी पाटी, रंग उडालेला, पण अक्षरं वाचता येतात : टॉप सॉईल. भाऊ म्हणाला, "हे आपल्याच वावराची माती हाये. त्या वर्षी इथंच टाकली होती." टेकाड तीस-पस्तीस फूट तरी असेल. पावसानं एका बाजूनं घळ पडली होती, म्हणून आतला भाग दिसत होता. सब्बल मारून पाहिली. वरचा हातभर थर ठीक, मुळ्या होत्या, भुसभुशीत होता. त्याखाली माती दाबून दगडासारखी. आणखी खाली निळसर राखाडी रंग आणि वास असा की जुना उकिरडा तळातून उकरावा. एकही गांडूळ दिसलं नाही.

वीस वर्षं जपून ठेवली म्हणून कागदावर जिची नोंद असेल, ती माती अशी झाली होती. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे, म्हणून वाचलं, विचारलं आणि हे लिहितो आहे.

माती जिवंत असते, ढिगात मरते

आपण कास्तकार आहोत, आपल्याला वेगळं शिकवायची गरज नाही. वरच्या सहा इंच ते फूटभर मातीत पिकाचं सगळं चालतं. शेणखत तिथंच, गांडूळ तिथंच, तुरीच्या आणि सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू तिथंच. दुकानातून आपण मायकोरायझाची पिशवी विकत आणतो, ती बुरशीसुद्धा चांगल्या मातीत आपोआप असते. गवताचं, तणाचं बी तिथंच पडून असतं. असा इंचभर थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. त्याच्या खाली जे आहे ते भरणाचं साहित्य आहे, माती नव्हे.

आता हीच माती उचलून उंच ढीग केला तर काय होतं? वरच्या तीन-साडेतीन फुटांपर्यंत हवा जाते. त्याखाली जात नाही. हवा नाही म्हणून गांडूळ आणि हवा लागणारे जिवाणू मरतात. मायकोरायझाला जिवंत मूळ लागतं, आत मूळच नाही, म्हणून तीही संपत जाते. बियाण्याची उगवण कमी होत जाते. नत्र आत अमोनियाच्या रूपात साठत राहतं. बाहेरून वाटतं की बरं झालं, नत्र वाढलं. पण ढीग उघडून पसरला की त्याचं नायट्रेट होतं आणि पहिल्या-दुसऱ्या पावसात वाहून जातं. म्हणजे ठेवलेलं धान्य पोत्यातच किडलं, तसा प्रकार.

आपली काळी माती तर आणखी नाजूक. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून वाफसा नसेल तर आपण वावरात बैलसुद्धा घालत नाही. ओल्या काळ्या रानात एकदा ट्रॅक्टर गेला तर दोन हंगाम त्या चाकोरीत पीक खुजं राहतं, हे प्रत्येकाने पाहिलं आहे. मग पावसाळ्यात त्याच मातीवर वीस-पंचवीस टनांचा डोझर फिरवला तर काय होत असेल? म्हणून माती काढायचं काम उन्हाळ्यात, माती कोरडी असताना, पोकलेननं उचलून थेट हायवात भरून करायचं असतं. डोझरनं ढकलत ढकलत नेली की तीही दबते आणि खालचा पिवळा थरही तिच्यात मिसळतो. एकदा मिसळला की चहातून दूध वेगळं करता येत नाही.

"माती तर टाकली ना?" असं खाणवाले म्हणतात तेव्हा खरा प्रश्न हा असतो : कोणती टाकली, कधी काढलेली टाकली आणि किती जाड टाकली?

आता हिशेब मांडू

इथं मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरची फक्त एक फूट माती काढली तर ४३,५६० घनफूट, म्हणजे जवळपास ४३५ ब्रास. खोदली की माती मोकळी होऊन साधारण पाव हिश्शानं फुगते, म्हणजे ५४५ ब्रास धरा. पाच ब्रासचा हायवा धरला तर एका एकराच्या एका फुटाला ११० च्या आसपास फेऱ्या होतात.

हा ढीग दहा फूट उंच केला तर त्याला बुडाशी पाच गुंठे जागा लागते, आणि बाजूंना उतार दिला की सात-आठ गुंठे. म्हणजे शंभर एकराची फूटभर माती नीट ठेवायची तर चौदा-पंधरा एकर जागा राखून ठेवावी लागेल. ही जागा सुरुवातीच्या नकाशातच दाखवावी लागते. ती दाखवली नसेल तर पुढं काय होणार ते ठरलेलंच आहे. जागा नाही म्हणून ढीग उंच, उंच म्हणून आतून मेलेला, आणि जागा आणखी कमी पडली की सरळ ओबीच्या डम्पवर, दगडमुरमात.

मोठे बाबांच्या आठ एकराचा हिशेब मी घरी बसून केला. तीन फूट खोल धरली तर जागेवरची दहा हजार चारशे ब्रास काळी माती होती. आज कुणी एक ब्रास काळी माती विकत आणून बघावी. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावातला गाळ न्यायला आपल्याच गावात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, बरडीवर गाळ टाकला की दोन वर्षांत पीक बदलतं म्हणून. आणि त्याहून चांगली माती इथं टेकाड होऊन पडली आहे.

दुसरं उदाहरण कागद तपासायचं. समजा एखाद्या खाणीनं २५० एकर जमीन खोदली आणि अहवालात लिहिलं की एक लाख घनमीटर टॉप सॉईल साठवली. आकडा मोठा वाटतो. पण भागून बघा. २५० एकर म्हणजे दहा लाख चौरस मीटरच्या थोडं वर. एक लाख घनमीटर त्यावर पसरली तर जाडी येते दहा सेंटिमीटर, म्हणजे चार इंच. वखर जितका खोल जातो तितकीच! जिथं तीन फूट काळी माती होती तिथं चार इंचच निघाली असेल तर बाकीची कुठं गेली, हा सरळ प्रश्न आहे. घनमीटरचे ब्रास करायचे असतील तर २.८३ नं भागायचं. एक मिलियन घनमीटर असं लिहिलेलं असेल तर ते साडेतीन लाख ब्रास होतात.

हा हिशेब कुणालाही येतो. त्याला इंजिनियर लागत नाही.

खाणवाल्यांची अडचण खोटी नाही

एका गोष्टीत त्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. उघडी खाण सुरू होते तेव्हा पहिली काही वर्षं नुसता खड्डा असतो. कोळसा पूर्ण निघाल्याशिवाय तो बुजवता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षांची ओबी बाहेर डम्प करावी लागते आणि पहिल्या वर्षांची माती टाकायला तयार जागाच नसते. ती साठवावीच लागते. पुढं खाण सरकते, मागचा खड्डा भरत येतो, तेव्हापासून मात्र साठवायची गरज कमी होते. पुढच्या टोकाची माती काढायची आणि मागच्या टोकाला भरून सपाट केलेल्या जागेवर त्याच हंगामात पसरायची. सगळ्यात चांगली पद्धत हीच, कारण माती ढिगात बसतच नाही. गांडूळसुद्धा सोबतच जातं म्हणा ना.

पण त्यासाठी पुढचं आणि मागचं काम एका वेळापत्रकात बसवावं लागतं. आणि घोडं इथंच पेंड खातं. ओबी काढायचं काम ठेकेदाराकडं असतं, त्याला घनमीटरवर पैसे मिळतात. माती वेगळी काढा, दोन थरांत काढा, वाफसा बघा, लांब नेऊन हळुवार पसरा, यात त्याचा वेळ जातो. वेगळा दर नसेल तर तो का करेल? चुलतभाऊ म्हणतो ते एका वाक्यात आहे : "रातपाळीत कोण पायते का काळी माती हाये का पिवळी?"

पहिल्या वर्षांची जी माती साठवावीच लागते, तिच्यासाठीही उपाय आहेत, आणि ते फार महागडे नाहीत. ढीग सात ते दहा फुटांच्या आत ठेवायचा. बाजू उतरत्या ठेवायच्या, भोवती पाणी काढायला नाली खोदायची. जागा नाल्यापासून लांब. २०२२ च्या जुलैत वर्धा नदीच्या पुरानं आपल्याकडं काय केलं ते विसरायला नको, नदी-नाल्याकाठचा ढीग एका पुरात जातो आणि खालच्या कास्तकाराच्या वावरात गाळ होऊन बसतो. ढीग झाला की पहिल्या पावसात त्यावर बोरू, ढेंचा, स्टायलो गवत फेकायचं. जिवंत मूळ राहिलं तर वरच्या थरातले जिवाणू आणि बुरशी टिकतात, आणि माती वाहतही नाही. त्यावर गाडी फिरवायची नाही. पाटीवर नुसतं टॉप सॉईल लिहून भागत नाही. कोणत्या गटाची, कोणत्या महिन्यात काढली, किती घनमीटर, आणि कोणत्या वर्षी कुठं वापरणार, हे लिहायला पाव लिटर रंग पुरतो. आणि जो ढीग आधी केला तो आधी वापरायचा.

पसरताना फूटभर जाडी तरी हवी, पऱ्हाटी-तुरीसाठी त्याहून जास्त, आणि खालची भरण नांगरून सैल केलेली हवी. नाहीतर काळी माती वर आणि खाली रोलर फिरवलेल्या रस्त्यासारखा दगडमुरूम. पाणी मध्येच अडतं आणि मुळं कुजतात.

माती नसलेल्या डम्पवरही काही उगवता येतं का? येतं. नागपूरच्या नीरी संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डम्पवर साखर कारखान्याचं प्रेसमड आणि जिवाणू-बुरशी वापरून झाडं वाढवून दाखवली आहेत. ते काम मोठंच आहे. पण ते माती गमावल्यानंतरचं औषध आहे. हातात माती असताना ती वाया घालवायची आणि मग प्रेसमडच्या गाड्या आणायच्या, यात शहाणपण नाही.

वरून हिरवं दिसतं

तुम्ही म्हणाल, खाणीवर तर झाडं लावलेली दिसतात. दिसतात. कोल इंडियाच्या उघड्या खाणींची पाहणी उपग्रहाच्या फोटोवरून होते. रांचीची सीएमपीडीआय ही त्यांचीच संस्था ते करते, मोठ्या खाणींची दरवर्षी, लहानांची तीन वर्षांनी एकदा. किती जागा भरली, किती हिरवी झाली याचे आकडे त्यात येतात. ही पद्धत वाईट नाही, निदान कुणी नुसतं कागदावर झाड लावू शकत नाही. पण उपग्रहाला रंग दिसतो, जाडी दिसत नाही. मुरमाच्या डम्पवरची वेडी बाभूळ आणि फूटभर काळ्या मातीवरचं गवत, दोन्ही वरून हिरवंच. एकावर ढोरं चरतात, दुसऱ्यावर काटे रुततात.

यात आणखी एक गंमत बघा. आपल्याच विदर्भात, गोंडेगावला, वेकोलिनं ओबीतून वाळू वेगळी काढायचा प्रकल्प केला. वाळूला भाव आहे म्हणून ती ओबीतूनसुद्धा शोधून, धुऊन, मोजून काढली जाते. काम चांगलं आहे, घरकुलांना वाळू मिळते. पण मग हेही सिद्ध होतं की मनात आणलं तर थर वेगळे करता येतात आणि मोजता येतात.

जमीन परत मिळणार नसेल तर आपण का बोलायचं?

हा प्रश्न मला गावात पारावर विचारला गेला, आणि तो बरोबर आहे. कोळशासाठी आपल्याकडची बहुतेक जमीन १९५७ च्या कोल बेअरिंग कायद्यानं जाते. ती गेली की गेली, मालकी कंपनीची. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रानं धोरण केलं की कोळसा काढून झालेली किंवा कोळशाच्या कामाची न राहिलेली जमीन कंपनी दुसऱ्या कामांसाठी भाडेपट्ट्यानं देऊ शकेल, सोलर, वॉशरी वगैरे. त्यातही मालकी कंपनीकडंच राहते. जुन्या मालकाला परत द्या, ही मागणी खाणपट्ट्यात जुनी आहे, पण कायद्यात आज ती वाट नाही. कुणी आशा दाखवून वर्गणी गोळा करत असेल तर सावध राहा.

तरीही बोलायचं, असं माझं मत आहे. मला तीन कारणं दिसतात.

एक, खाणीच्या कडेची गावं तिथंच राहणार आहेत. ज्यांची जमीन गेली नाही त्यांच्या वावरात डम्पचं पाणी येतं, धूळ येते, चराई गेलेली असते. खाण संपल्यावर तिथं गवत उगवलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानंच ८ जानेवारी २०२० ला सांगितलं आहे. सरन्यायाधीश आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते. खाणकाम थांबल्यावर खाणधारकानं ती जागा पुन्हा गवताळ करायची, चारा आणि झाडझुडूप वाढेल अशी करायची, ही अट खाणपट्ट्यांत घाला, असा तो आदेश. आता गवताला माती लागते, आणि ती माती आज काढताना जपली तरच तेव्हा असेल. आदेश वीस वर्षांनी पाळायचा असला तरी त्याची तयारी याच मे महिन्यात होते किंवा वाया जाते.

दुसरं कारण पैशाचं. खाण बंद करताना जमीन सुधारण्यासाठी कंपनीला पैसे एस्क्रो खात्यात टाकावे लागतात, कोळसा नियंत्रकाच्या देखरेखीखाली. २००९ च्या पहिल्या सूचनांत उघड्या खाणीला हेक्टरी सहा लाख रुपये धरले होते, पुढं सूचना बदलत गेल्या, शेवटच्या जानेवारी २०२५ मध्ये आल्या. हा पैसा काम झाल्याच्या दाखल्यावर टप्प्याटप्प्यानं कंपनीला परत मिळतो. मातीचं काम न होता दाखला मिळू नये, एवढं तर गाव म्हणू शकतं.

तिसरं म्हणजे कायदा आज नाही म्हणून उद्याही नसेल असं नाही. अमेरिकेत १९७७ साली कोळसा खाणींसाठी कायदा झाला. तिथं उत्तम शेतजमीन खोदायची तर वरची आणि खालची माती वेगवेगळी काढून ठेवावी लागते, साधारण ४८ इंच खोलीपर्यंत परत रचावी लागते, आणि तीन हंगाम पीक काढून दाखवावं लागतं. पीक आसपासच्या तसल्याच जमिनीइतकं आलं तरच कंपनीची अनामत पूर्ण सुटते. आपल्याकडं झाडं मोजतात, तिकडं क्विंटल मोजतात. उद्या इथं जमीन परत देण्याची वाट निघाली आणि तेव्हा हातात दगडमुरूम आला, तर त्या सातबाऱ्याचं काय करायचं?

कुणाला विचारायचं

आधी आपली खाण कोणत्या जातीची ते बघा. कोरपना-गडचांदूरकडं सिमेंटसाठी चुनखडी काढतात. त्यांना खनिज संवर्धन आणि विकास नियम, २०१७ लागू आहेत. वरची माती वेगळी काढायची, खाणीच्या जमीन सुधारणेलाच वापरायची, लगेच वापरता आली नाही तर वेगळी साठवायची, हे त्यात स्पष्ट आहे. त्याचं कार्यालय इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, मुख्यालय नागपूरलाच. कोळशाला हे नियम लागू नाहीत. कोळशाच्या खाणीत मातीची अट येते ती पर्यावरण मंजुरीच्या पत्रातून, ज्याला आपल्याकडं ईसी म्हणतात. माती ठरवलेल्या जागी नीट रचावी आणि जमीन सुधारायला वापरावी, अशी अट या पत्रांत नेहमी असते. ग्रामपंचायतीच्या कपाटात पत्राची प्रत असू शकते, ग्रामसेवकाला विचारा. नसेल तर केंद्राच्या परिवेश पोर्टलवर खाणीच्या नावानं शोधा, मोबाईलवर निघतं.

नवी खाण किंवा विस्तार असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची जनसुनावणी होते, तीस दिवस आधी नोटीस निघते, आणि प्रकल्पाचा सारांश मराठीत मिळतो. त्या सारांशात टॉप सॉईल हा शब्द शोधा. किती घनमीटर, ढीग किती उंच, जागा किती एकर, किती वर्षांत वापरणार. एवढे चार आकडे नसतील तर सुनावणीत उभं राहून विचारा आणि इतिवृत्तात नोंद करायला लावा. आधी मातीचा थर किती आहे ते गावानं स्वतः मोजून जावं. पाच-सहा वावरांत कुदळ-फावड्यानं खड्डे घ्या, टेप लावून फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा. देशाच्या मृदा सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालयही नागपूरलाच अमरावती रोडवर आहे, मातीचे नकाशे त्यांच्याकडं असतात. पण आपल्या खड्ड्याचा फोटो हातात असला की साहेबाला "इथं मातीच नव्हती" म्हणता येत नाही.

चालू खाण असेल तर मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही याचा अहवाल कंपनीला वर्षातून दोनदा द्यावा लागतो, १ जून आणि १ डिसेंबरला. हा अहवाल गुप्त नसतो. पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूर विभागीय कार्यालयाला तो जातो, वेबसाइटवरही असायला हवा. वेकोलिसारखी सरकारी कंपनी असेल तर माहितीच्या अधिकारातही मागता येतो.

मी आतापर्यंत दोन खाणींचे अहवाल मिळवून वाचले. दोन्ही इंग्रजीत, मुलीनं वाचून दाखवले. एका बाजूला अट लिहिलेली, समोर कंपनीचं उत्तर. झाडांच्या अटीसमोर किती रोपं, कोणती जात, किती जगली, सगळे आकडे होते. टॉप सॉईलच्या अटीसमोर एका अहवालात लिहिलं होतं "पालन केले आहे" आणि दुसऱ्यात "पालन केले जात आहे". आकडा दोन्हीत नव्हता. येत्या १ जूनच्या अहवालात तरी तो असावा म्हणून मी दोन्ही ठिकाणी अर्ज टाकला आहे : किती ब्रास निघाली, कुठं आहे, ढिगाची उंची किती, कोणत्या वर्षीची किती वापरली. उत्तर आलं की इथंच छापू. तुमच्या गावाजवळच्या खाणीचा अहवाल कुणाकडं असेल तर त्या पानाचा फोटो पोर्टलच्या नंबरवर टाका, हिशेब आपण सोबत मांडू.